दाभणचे घेणे

माझ्या हातून आयुष्यात फार मोठे गुन्हे घडले नाहीत. तेवढी हिंमतच नव्हती. एकतीस वर्षे मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर बसलो. आलेल्या कागदाला नंबर द्यायचा, तारीख टाकायची, थोडक्यात विषय लिहायचा आणि कागद पुढे ढकलायचा. आतला मजकूर खरा की खोटा, हे पाहायला वरचे साहेब होते. म्हणून जो एक गुन्हा माझ्या हातून घडला, तोही याच पद्धतीने घडला. नंबर, तारीख, थोडक्यात विषय. त्यात एक अक्षरही खोटे नाही. कोणत्याही कोर्टात मी ते तोंड वर करून वाचून दाखवू शकतो, आणि रोज सकाळी दाढी करताना मात्र स्वतःची नजर चुकवतो.

पण हे माझे चरित्र नव्हे. ते एका पोस्टकार्डावर मावेल. हे दाभणचे आहे.

दाभण हे काही तिचे खरे नाव नव्हे. जाडजूड वही शिवायला जी लांब सुई लागते, ती दाभण. दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या छापखान्यातल्या लोकांनी हे नाव तिला हातातल्या हत्यारावरून दिले की तोंडातल्या, यावर दोन पक्ष होते. समोर सगळे ‘ताई’ म्हणत, पाठ वळली की दाभण. तिला अर्थात ठाऊक होते. एकदा नव्या मशीनमनच्या तोंडून चुकून ‘दाभणताई’ असे निघून गेले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. ती हातातला दोरा दाताने तोडत म्हणाली, "चला, एक तरी माझं पूर्ण नाव घेणारा भेटला."

छापखाना म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढे काउंटर, मधे मशीन, मागे बायंडिंग. मागच्या खोलीला एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. त्या खिडकीखाली दाभण चौतीस वर्षे बसली. एकोणिसाव्या वर्षी फर्मे घडी करायला म्हणून आली. फर्मा म्हणजे सोळा पाने छापलेला मोठा कागद. तो घडीवर घडी घालून बरोबर पानाला पान जुळवायचा. बाकीच्या बायका सहा महिन्यांत कंटाळून गेल्या. ही शिवायला शिकली, मग चिकटवायची खळ शिजवायला, मग पुठ्ठा चढवायला, आणि शेवटी कटिंग मशीनवर बसली. बायकांनी त्या मशीनला हात लावायचा नाही असा मशीनमनांचा कायदा होता. तिने तो कायदा कधी मोडला हे कोणालाच आठवत नाही, कारण तिने विचारलेच नव्हते.

ती खळ शिजवायची तेव्हा खोलीत जाण्याची सोय नसे. पिठाला गुठळी पडली तर दिवसभर सगळ्यांना बोलणी बसत. शेवटी चिमूटभर मोरचूद टाकायची, कसर लागू नये म्हणून. "पुस्तक वाचणाऱ्यानं खावं, किड्यानं नव्हे," म्हणायची. स्वतः ती फारसे वाचत नसे. म्हणे, "मी पुस्तकांची पाठ बघते. तोंड बघणारे खूप आहेत."

आमच्या कचेरीतली आवक-जावकची रजिस्टरे दादाच्या छापखान्यातूनच येत. म्हणजे मी एकतीस वर्षे ज्या वह्यांवर वाकून बसलो, त्या तिनेच शिवलेल्या. वरच्या मजल्यावरून टाकल्या तरी पान सुटले नसते. मी तिला हे कधी सांगितले नाही. कौतुक करण्यासाठी आमच्या टेबलावर वेगळा रकाना नव्हता.

ती पगारी नोकर नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवे. तिचे काम नगावर. इतक्या वह्या, इतके पैसे. हजेरीपट नाही, पगारपत्रक नाही. आकडा दादाच्या डोक्यात असे आणि तिच्या डोक्यात असे, आणि ही दोन डोकी चौतीस वर्षांत एकदाही एकमेकांशी भांडली नाहीत. दर शनिवारी दादा मागच्या खोलीच्या दारात उभा राही, आकडा बोले, ती मान हलवी, तो पैसे देई. बस्स.

मग छपाईचे दिवस फिरले. फॉर्म, पावतीपुस्तके, वह्या, सगळे हळूहळू कॉम्प्युटरमध्ये गेले. दादाने तग धरायला नवीन मशीन घेतले आणि त्यासाठी राहते घर बँकेकडे गहाण टाकले. मशीन छान होते. फक्त त्याला काम नव्हते. त्यानंतर शनिवारी दारात उभा राहून दादा आकडा सांगे, निम्मे पैसे देई आणि म्हणे, "बाकीच्यासाठी थोडं थांबावं लागेल, ताई."

"थांबते. कुठे पळून जायचंय?" ती म्हणे.

असे ती चार वर्षे थांबली. मी कित्येकदा पुढच्या खोलीत पेपर वाचत बसलेला असे. दोघांचेही शब्द मी माझ्या कानांनी ऐकलेले आहेत.

हॉस्पिटलमध्ये दादाचे शेवटचे चार दिवस मीच जवळ होतो. बोलताना त्याला धाप लागे. तिसऱ्या दिवशी त्याने मला खुणेने वाकायला सांगितले आणि म्हणाला, "दाभणचं चार वर्षांचं राहिलंय. ते आधी बघ."

मी म्हणालो, "हो."

हा ‘हो’ लक्षात ठेवा. मला तो विसरता येत नाही, तर निदान सोबत तरी असू दे.

दादाने मृत्युपत्र करून ठेवले होते. छापखाना विकावा, सगळी देणी फेडावीत, उरेल ते आणि राहते घर वहिनीला द्यावे. हे सारे पार पाडायला त्याने माझे नाव घातले होते. वकिलांना म्हणाला होता म्हणे, की माझा भाऊ बाकी काही कामाचा नाही, पण त्याच्या हातून कागद हरवत नाही.

दादा गेल्यावर आठव्या-नवव्या दिवशी दाभण वहिनीला भेटायला आली. फार बोलली नाही. जाताना जिन्यात मला थांबवून म्हणाली, "धाकटे, छापखाना विकायला काढाल तेव्हा एक करा. कटिंग मशीन त्यात घालू नका. ते मी घेणार. माझं जे राहिलंय त्यात वळतं करा. मशीन असलं की मी कुठेही खोली घेऊन काम चालू ठेवीन. ते नसलं तर माझे हात कुचकामी."

मी म्हणालो, "बघू."

दुसरे दिवशी वकिलांकडे गेलो. गृहस्थ हुशार, आणि वाईट तर मुळीच नाहीत. एका अरुंद जिन्यावरच्या खोलीत चहूकडे फायलींचे ढिगारे आणि मधे ते, असे बसतात. त्यांनी मला प्रोबेटचे, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून मंजूर करून घेण्याचे, काम समजावून सांगितले. आधी पेपरात जाहीर नोटीस: ‘कै. अमुक यांच्याकडून कोणाचे काही घेणे असल्यास नव्वद दिवसांत पुराव्यानिशी कळवावे, मुदतीनंतर आलेल्या दाव्यांचा विचार होणार नाही.’ मग येतील त्या दाव्यांची यादी करायची, खरे-खोटे तपासायचे, मान्य असतील ते फेडायचे, आणि शेवटी कोर्टात शपथेवर सांगायचे की आता देणे उरले नाही.

"पुरावा एवढा कशाला?" मी विचारले.

"कारण मेलेल्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही," ते म्हणाले. "त्याच्या तोंडी कोणीही काहीही घालील. म्हणून त्याच्या वतीनं कोर्ट विचारतं, की कागद दाखवा."

मला हे फार पटले. कागद दाखवा! या दोन शब्दांवर माझी हयात गेली होती.

आणि खरे सांगतो, मला मजा वाटू लागली. निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे कोणी कागद घेऊन आले नव्हते. आता पोस्टमन रोज येऊ लागला. दादाच्या कपाटातले एक कोरे रजिस्टर मी काढले, रकाने आखले आणि आवक नंबर एकपासून सुरुवात केली. कागदाचा व्यापारी बिलांना टाचण्या लावून आला. शाईवाला आला. बँकेचे पत्र आले, ते तर तीन प्रतींत. एक गृहस्थ आले, त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर अकरा वर्षांपूर्वी दादाने आडनाव चुकीचे छापले होते. त्यामुळे त्यांचे लग्न मोडले, असे त्यांचे म्हणणे. भरपाई मागत होते. पुरावा म्हणून कार्ड आणले होते. मी त्यालाही नंबर दिला आणि शेरा मारला, ‘अमान्य. लग्न मोडल्याचा पुरावा नाही.’ वकील पोट धरून हसले.

साठाव्या दिवशी मात्र वकिलांनी बेरीज-वजाबाकी मांडली आणि हसू ओसरले. छापखान्याची किंमत, कटिंग मशीन धरून, एका बाजूला. बँक, कागद, शाई, किरकोळ, सगळे दुसऱ्या बाजूला. घर सुटत होते, पण अगदी नखभर अंतराने.

"आणखी कोणी मोठं नाही ना?" त्यांनी विचारले. "असलं तर घर विकल्याशिवाय भागणार नाही."

"एक आहेत," मी म्हणालो. "बायंडिंगवाल्या बाई."

"कागद?"

"काही नाही."

"तरी त्यांना कळवा. नोटीस असते ती आपल्याला ठाऊक नसलेल्या लोकांसाठी. ज्यांचं घेणं ठाऊक आहे त्यांना स्वतः जाऊन सांगायचं असतं." मग चष्मा पुसत ते पुढचे वाक्य बोलले. "आणि कागद नसला तरी, व्यवहार कुणी डोळ्यांनी पाहिला असेल, कानांनी ऐकला असेल, तर त्यानं शपथेवर सांगितलेलं चालतं. तोही पुरावाच."

असा माणूस त्यांच्यासमोर, हातभर अंतरावर, खुर्चीत बसला होता. तो काही बोलला नाही.

त्याने शब्द का गिळले, हे सांगतो. मी लग्न केले नाही. गेली तीस वर्षे दोन्ही वेळचे माझे जेवण वहिनीच्या घरी. खिडकीजवळची खुर्ची माझी, पाण्याचा तांब्या माझ्या डाव्या हाताला. ते घर विकले गेले तर वहिनी तिच्या भावाकडे गेली असती, दूर, आणि मी माझ्या खोलीत स्टोव्हसमोर बसलो असतो. मनात मात्र मी म्हणत होतो, बिचारी वहिनी, या वयात बेघर होईल. असे म्हणायला बरे वाटते. त्यात खोटेही काही नव्हते. पण त्या ‘बिचारी वहिनी’च्या आडून माझाच हात ताटाकडे जात होता.

एकाहत्तराव्या दिवशी मी मागच्या खोलीत गेलो. दाभण एका पुठ्ठ्याला खळ लावत होती.

"या धाकटे. बसा. त्या गठ्ठ्यावर नको, ओला आहे."

मी बसलो नाही. येताना सगळ्या वाटेने मी वाक्य जुळवत आलो होतो. ते तसेच्या तसे बोलून टाकले. "मृताच्या मालमत्तेवर आपलं काही घेणं निघत असेल, तर तसा लेखी अर्ज पुराव्यानिशी मुदतीत सादर करावा लागेल."

तिचा ब्रश थांबला. "मृताच्या?" ती म्हणाली. "आपलं? हे कोण बोलतंय?"

"कायद्यानं सांगावं लागतं, ताई."

"पुरावा म्हणजे काय लागतं?"

"बिलं. पावती. दादाची सही."

"चौतीस वर्षांत मी त्यांना पावती मागितली नाही. त्यांनीही मला मागितली नाही."

"तीच तर अडचण आहे."

तिने ब्रश खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिले. "तुम्हाला ठाऊक नाही का, धाकटे?"

एवढाच प्रश्न होता. ‘ठाऊक आहे’ म्हटले असते तर सगळे तिथेच मिटले असते. तिला काहीच करावे लागले नसते. शपथेवर मी सांगितले असते, यादीत एक नाव चढले असते, घर गेले असते आणि दादाला दिलेला शब्द राहिला असता.

मी म्हणालो, "मला ठाऊक असण्या-नसण्याचा प्रश्न नाही."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते, कारण तिच्या ओरडण्याची आम्हाला सवय होती. तिने फडक्याला हात पुसले, एक एक बोट करून, आणि म्हणाली, "जा तुम्ही. माझं तुमच्या घराशी काही घेणंदेणं नाही."

आता, मराठी बोलणाऱ्या शेंबड्या पोरालाही या वाक्याचा अर्थ कळतो. बहिणी भांडल्या की एकमेकींना असे म्हणतात. बाप रुसला की मुलाला असे म्हणतो. ज्याचे खरोखर काही घेणेदेणे नसते, तो असे कधी बोलतच नाही. ज्याचा जीव दुखावतो तोच हे बोलतो. त्यात हिशेब नसतो, नाते तुटल्याचा आवाज असतो. मला हे कळत नव्हते असे मी म्हणणार नाही. चांगले कळत होते.

पण मी रस्त्यावर आलो आणि आधी काय वाटले असेल, तर जीव भांड्यात पडला. घरी येऊन हात धुतले, रजिस्टर उघडले आणि सुवाच्य अक्षरात लिहिले: ‘आवक क्र. २३. तोंडी. बायंडिंगचे काम करणाऱ्या बाई. समक्ष भेटून नोटिशीची कल्पना दिली. त्यांचे आमच्या घराशी काही घेणेदेणे नाही, असे त्यांनी स्वतः सांगितले.’ खाली तारीख, सही. लिहून झाल्यावर टीपकागद दाबला. ते रजिस्टरही तिनेच शिवलेले होते.

वकिलांनी वाचले. "असं म्हणाल्या त्या?"

"शब्दशः."

"म्हणजे त्यांना दावा करायचा नाही, असंच ना?"

"लिहिलंय तसंच," मी म्हणालो.

त्यांनी यादीत तिच्या नावापुढे ‘दावा नाही’ असे लिहिले आणि कपाळावरचा घाम पुसला. त्यांनाही घराची काळजी होतीच.

मुदत संपायला अजून एकोणीस दिवस होते. त्या एकोणीस दिवसांत पोस्टमनची चाहूल लागली की मला दोन गोष्टी एकदम वाटत. तिचा अर्ज यावा, आणि तिचा अर्ज येऊ नये. आला नाही. कोण अर्ज करणार? तिच्या मते दादाचा शब्द होता, मी तो ऐकलेला होता, आणि मी तोंडावर हात झाडले होते. अर्ज कशाचा करायचा? नव्वद दिवस संपले. मी कोर्टात शपथ घेतली: ‘रजिस्टरातील नोंदींप्रमाणे अन्य कोणतेही देणे शिल्लक नाही.’ सही करताना हात थरथरला वगैरे काही नाही. सवयीचा हात होता.

छापखाना फरशीच्या एका व्यापाऱ्याने घेतला. त्याला गोदाम हवे होते. मशिने भंगारवाल्याकडे गेली, कटिंग मशीनसकट. मशीनमन मला सांगत होता, "ताई दारात उभ्या होत्या. चार माणसांनी मशीन उचललं तेव्हा म्हणाल्या, पातं काढून घ्या आधी, कुणाची बोटं जातील. एवढंच."

त्यानंतर ती कुठे गेली याची मी चौकशी केली नाही. मला भीती वाटत होती की कोणीतरी सांगेल.

घर सुटले. कागदपत्रे वहिनीच्या हातात आली त्या दिवशी दुपारी जेवताना ती म्हणाली, "भावोजी, ताईंचे सगळे दिलेत ना हो? हे नेहमी म्हणायचे, तिचं राहिलंय म्हणून."

तोंडात घास होता. "त्यांनी नको म्हटलं. काही घेणंदेणं नाही म्हणाल्या. कोर्टात तशीच नोंद दिलीय," मी म्हणालो.

"नको म्हटलं?" वहिनीचे डोळे भरून आले. "सगळे? अहो, चार वर्षांचे होते. काय बाई आहे ही! आणि तुम्ही मला आत्ता सांगताय?" तिने ताट बाजूला सारले. "मला आत्ताच्या आत्ता त्यांच्याकडे न्या."

मी नाना सबबी सांगितल्या. ऊन आहे, पत्ता नाही, त्या घरी नसतील. वहिनीने मशीनमनला फोन लावला आणि पत्ता घेतला. मी चपला घातल्या.

एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ती राहते. तिच्या खोलीत सामान मावत नाही, म्हणून जिन्याच्या वळणावर, खिडकीखाली, तिने पाट टाकून बायंडिंग मांडले होते. वरखाली करणारे लोक गठ्ठ्यांवरून ढांग टाकून जात होते. कटिंग मशीन नाही, म्हणून कडा सुरीने आणि लोखंडी पट्टीने कापत होती. एक वही कापायला मशीनला जितका वेळ लागे, तितक्यात तिची नुसती पट्टी लावून होत होती. उजव्या हाताच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

वहिनी धापा टाकत चढली, आणि तिने सरळ दाभणचे दोन्ही हात धरले, खळीने चिकट झालेले. "ताई, तुमच्यामुळे घर राहिलं माझं. तुम्ही नको म्हणालात म्हणून. मी हे कधी विसरणार नाही. तुम्ही सख्ख्या बहिणीसारखं केलंत."

दाभणला क्षणभर काही उमजले नाही. "मी काय केलं?"

"आता लपवू नका. भावोजींनी सगळं सांगितलं. कोर्टातसुद्धा तसं लिहून दिलंय त्यांनी, की तुमचं काही घेणंदेणं नाही."

दाभणने वहिनीच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिले. मी दोन पायऱ्या खाली उभा होतो. तिच्या चेहऱ्यावर एक एक गोष्ट जागच्या जागी बसत गेली ती मला दिसत होती. मी म्हटले, आता. आता बोल. काय ती शिवी दे, वहिनीसमोर माझे वाभाडे काढ. मी तयार होतो. खोटे कशाला, मी आतुर होतो.

ती वहिनीला म्हणाली, "घर राहिलं ना? मग झालं. दादा माझ्याशी कधी आवाज चढवून बोलले नाहीत." आणि मग, "खाली बघून उतरा, वहिनी. तिसरी पायरी फुटलीय."

परत येताना वहिनी सारखी तिचेच गुणगान करत होती. मी हो हो म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. रात्रभर आकडे मांडले होते. माझ्या पेन्शनीतून दरमहा निम्मे दिले तर सहा वर्षांत तिचे सगळे फिटत होते. पहिला हप्ता पाकिटात घालून घेऊन गेलो होतो. पायरीवर बसलो आणि सगळे ओकलो. हॉस्पिटलातला ‘हो’, वकिलांनी सांगितलेली शपथेची गोष्ट, रजिस्टरातली नोंद, खिडकीजवळची खुर्चीसुद्धा. ती कडा कापत राहिली.

"वहिनींना सांगणार आहे मी," मी म्हणालो.

"नाही सांगायचं." सुरी थांबली. "त्या उद्याच्या उद्या घर विकायला काढतील. म्हाताऱ्या बाईला घराबाहेर काढून मी मशीन घेऊ? तुम्हाला मोकळं व्हायचंय म्हणून?"

"मग हे तरी घ्या." मी पाकीट पुढे केले.

"तुमच्याकडे माझं काय होतं, धाकटे? तुमच्या भावाकडे होतं. ती मजुरी होती. हे काय आहे? हे तुम्हाला झोप यावी म्हणून आहे. झोपेचं औषध घ्या."

"ताई, मग मी करू तरी काय?"

वरून कोणीतरी उतरले, आम्ही दोघे पाय आखडून बसलो. मग तिने एका गठ्ठ्याकडे बोट केले. "शाळेच्या वह्यांचं काम आलंय. माझ्यानं एकटीनं उरकत नाही. घडी घालता येते?"

मला येत नव्हती. तिने शिकवली. तिच्या हाताखाली शिकणे म्हणजे काय, ते शिकलेल्यालाच विचारा. "एकतीस वर्षं नुसते नंबर टाकत होता का? कोपरा जुळवा, कोपरा. पानानं काय घोडं मारलंय तुमचं?" पहिल्या दिवशी शंभरातले चाळीस कागद तिने परत उलगडून समोर टाकले. मला बरे वाटले. वाटले, चला, हे असेच चालू दे. बोलणी खात मी इथे फुकट राबेन, सहा वर्षे म्हणजे सहा वर्षे. कागदावर नसेना का, फिटेल तर खरे. सोमवार गेला, मंगळवार गेला. बोटांना कागदाच्या कडा लागून चिरा पडल्या, त्यांचेही मला बरे वाटत होते.

शनिवारी संध्याकाळी मी उठायला लागलो तर म्हणाली, "थांबा." पाटाखालून डबा काढला, पैसे मोजले आणि माझ्यापुढे धरले. "अकराशे चाळीस फर्मे. खराब झालेले वजा केलेत."

मी हात मागे घेतले. "ताई, हे नको. कृपा करा."

"नको कसं? काम केलंय तुम्ही."

"राहू द्या. पुढे बघू."

बोलून गेलो, आणि जीभ हासडून घ्यावीशी वाटली.

तिचा आवाज चढला नाही. "पुढे नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे कुणाची मजुरी राहत नाही."

पैसे तसेच धरून ती बसून राहिली. जिन्यावरून खेळून आलेली दोन मुले आम्हाला ओलांडून वर गेली. त्यांच्या पाठोपाठ एक बाई बादली घेऊन गेली. दाभणचा हात खाली येत नव्हता. शेवटी मी ते घेतले.

याला आता दीड वर्ष झाले. माझ्या घड्या आता बऱ्या पडतात. एखाद्या दिवशी एकही कागद परत येत नाही. वहिनी कौतुकाने सगळ्यांना सांगते, की भावोजी ताईंना मदत करतात, मोठ्या मनाचे आहेत. आणि दर शनिवारी दाभण माझी मजुरी मोजून माझ्या हातावर ठेवते, एक दिवसही न थकवता, आणि मी ती घेतो.